उसने दहा

शिवडीच्या म्युनिसिपल शाळेत, दुसऱ्या मजल्यावर,
जिथून दारूखान्यात कापायला लावलेली जहाजं
अर्धी-अर्धी दिसायची,
मी सव्वीस वर्षं वजाबाकी शिकवली.

बावन्न वजा अडतीस.
दोनातून आठ जात नाहीत,
म्हणून शेजारच्या पाचाकडून दहा उसने घ्या.
किती वेळा म्हटलं असेल हे;
खडूच्या भुकटीसारखं पदराला लागून
घरीसुद्धा यायचं माझ्याबरोबर.

चौतीस पोरं उसने घ्यायची, निमूट.
करिश्मा सोनटक्के घ्यायची नाही.
आठातून दोन काढायची, पाचातून तीन,
सव्वीस लिहून पेन्सिल खाली ठेवायची.
दर वेळी सव्वीस.
दर वेळी माझी फुली.
प्रगतिपुस्तकात लिहिलं, गणित कच्चं.
लिहिताना कैरी काही आठवली नाही मला.

डिसेंबरात एकदा डब्याच्या सुट्टीत थांबवलं तिला.
म्हटलं, घे ना उसने, पाच काय नाही म्हणतोय का?
नखानं बाक खरवडत राहिली. मग म्हणाली,
"बाई, परत कधी द्यायचे?"

मला कळेचना.

"दहा घेतले ना त्याच्याकडून.
उत्तराखाली दोन रेघा मारल्या, गणित संपलं.
मग त्याचे दहा?
आई म्हणते, फेडता येत नसेल
तर कुणाच्या दारात उभं राहू नये.
आमच्या गल्लीत एकीनं भिशी बुडवली,
तिच्याकडे आता हळदीकुंकवालाही कुणी जात नाही."

लहानपणी मला पावकी, निमकी, अडीचकी
छडीच्या तालावर पाठ होत्या.
सगळे हुशार म्हणायचे.
हा प्रश्न मला कधी पडला नाही,
बहुतेक म्हणूनच म्हणायचे.

पर्समधून दहाच्या पाच नोटा काढल्या, रुपयाची दोन नाणी.
अडतीस द्यायचेत मला. सुटे आठ कुठून आणशील?
"नोट मोडीन."
कुणाची?
"माझीच की."
मग जा, मोडून आण.

फाटकाजवळच्या पानवाल्यानं कुरकुर करत
आठ नाणी दिली, आणि दोन गोळ्या.
ती जिना चढून आली धापा टाकत:
"बाई, गोळ्या एककात धरायच्या?"
धर म्हटलं.
चार नोटा, दहा नाणी, दोन गोळ्या.
आठ नाणी माझ्याकडे सरकवली, वर तीन नोटा,
उरलेलं बोटानं मोजलं, पुन्हा मोजलं:
गोळ्यांसकट चौदा.

मग आले तीनशे वजा एकशे सत्तेचाळीस.
सवयीनं तोंडातून गेलंच माझ्या, उसने घ्या.
मागच्या बाकावरून आवाज, "मोडायचे, बाई."
शंभर मोडले तिनं, मधल्या शून्याच्या हातात दहा दिले,
त्यातला एक काढून लगेच पुढे,
आणि थांबली.
"ह्याच्याकडे काहीच नव्हतं,
तरी ह्याच्याच हातून गेलं," म्हणाली.
उत्तर आलं एकशे त्रेसष्ट. दहानं चुकलं.
मी फुली मारली नाही.
म्हटलं, मधल्याला विचार, किती उरले हातात.

ती पुढे इंजिनियर झाली वगैरे काही नाही.
सातवीनंतर ते लोक मानखुर्दला गेले,
दाखला न्यायला मामा आला होता.

झोप लागत नाही तेव्हा तीही क्वचितच आठवते.
आठवतात ती चौतीस.
पटापट चौदा लिहून हात वर करणारी.
त्यांना मी काहीच विचारलं नाही कधी.
बरोबरची खूण केली
आणि वह्या परत दिल्या.